सही रुग्णाची, माहिती सरकारची

इथे इंग्लंडमधल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत मसालेभाताच्या पहिल्या वाढीबरोबर दरवर्षी एखादा वाद पानावर येतो. यंदा आला तो औषधांच्या दंडाचा. मंडळातल्या एका गृहस्थांच्या सुनेला सातव्या महिन्यात एक पत्र आलं होतं. तुम्ही केमिस्टकडून औषधं फुकट घेतलीत, तुम्हाला माफी असल्याचं आमच्या नोंदीत दिसत नाही, तेव्हा औषधांचे पैसे आणि वर दंड भरा, असा त्याचा मजकूर. पंगतीत लगेच दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, फॉर्मवर खोटी सही केली की दंड व्हायचाच, आपण कर भरतो तो फुकट्यांना पोसायला नाही. दुसरी बाजू म्हणाली, आजारी माणसाच्या खिशात हात घालणारं सरकार आणि गावातला सावकार यांत फरक काय? वरण निवेपर्यंत दोन्ही बाजू आपलं तेच म्हणणं आवाज चढवत सांगत राहिल्या. ती सून शेजारच्या खोलीत बाळाला पाजत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, आणि पहिली जास्त चुकलेली वाटते कारण ती जास्त खात्रीने बोलते. खोटं बोलून फुकट औषध नेणाऱ्याला दंड व्हायला हवा, याबद्दल मला शंका नाही. मी पेशाने हिशेबनीस आहे, बुडीत येणं मला कुणाहूनही जास्त खुपतं. पण इंग्लंडमध्ये आज जो दंड होतो तो बहुतेक वेळा खोटेपणाचा नसतो, गोंधळाचा असतो. माणसाला माफी आहे की नाही, ही माहिती सरकारच्या दप्तरात असते. ती दप्तरात न बघता रुग्णाला विचारायची, त्याचं उत्तर चुकलं की काही महिन्यांनी आपल्याच दप्तराशी ताडून त्याला पकडायचं, अशी ही पद्धत आहे. खिशात उत्तरं ठेवून पोराला प्रश्न विचारणारा आणि चुकला की छडी उगारणारा मास्तर आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याला कुणी न्यायी म्हणत नसे.

तिकडच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘ब्रिटनमध्ये सगळं फुकट असतं’ हे वाक्य पुण्यात मी शंभरदा ऐकलंय. डॉक्टर फुकट, हॉस्पिटल फुकट, हे खरं. औषधांचं तसं नाही. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये चिठ्ठीवरच्या औषधांचे पैसे घेणं बंद केलं. राहिलं इंग्लंड. इथे मे २०२४ पासून दर औषधामागे ९.९० पौंड मोजावे लागतात, मग ते औषध मुळात पन्नास पेन्सचं असो की पाचशे पौंडांचं. आणि तरीही केमिस्टच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या दर दहा औषधांपैकी जवळजवळ नऊ फुकटच जातात. सोळा वर्षांखालची मुलं, शिकणारी अठरापर्यंतची मुलं, साठी ओलांडलेले सगळे, गरोदर बाई आणि बाळंतपणानंतर वर्षभर तीच बाई, ठरावीक आजारांचे रुग्ण, ठरावीक सरकारी भत्ते घेणारे, या सगळ्यांना माफी. म्हणजे माफी हाच इथला नियम आणि पैसे भरणं हा अपवाद. तुमच्यासारख्या आणि माझ्यासारख्या, मधल्या वयाच्या, नोकरी करणाऱ्या आणि भलत्याच आजाराने आजारी पडणाऱ्या लोकांपुरता उरलेला.

काउंटरवर काय होतं? केमिस्ट विचारतो, तुम्ही पैसे भरता का? नाही म्हटलं की डॉक्टरच्या चिठ्ठीच्या हिरव्या कागदाची मागची बाजू पुढे सरकते. तिथे चौकटींची रांग. त्यातल्या योग्य चौकटीत खूण करायची आणि खाली सही. पुरावा नसला तरी केमिस्ट औषध अडवत नाही, तो फक्त ‘पुरावा पाहिला नाही’ अशी नोंद करतो. हे चांगलंच आहे. पुढे ते कागद न्यूकॅसलला एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, बिझनेस सर्व्हिसेस ऑथॉरिटीकडे जातात. तिथे काही दाव्यांची नोंदींशी पडताळणी होते आणि जुळलं नाही तर पत्र निघतं. दंड औषधांच्या पैशाच्या पाचपट, कमाल १०० पौंड. अठ्ठावीस दिवसांत भरला नाही तर त्यावर आणखी निम्मा, म्हणजे कमाल ५० पौंड. तीन औषधांचा हिशेब करून बघा. मूळ रक्कम २९.७०, पाचपट १४८.५० होते म्हणून दंड १०० वर थांबतो, एकूण १२९.७०. पत्र उघडायला उशीर झाला की १७९.७०. दुकानात तासाच्या मजुरीवर काम करणाऱ्या बाईचे हे दीड-दोन दिवसांचे पैसे.

आता ‘खोटी सही’ म्हणणाऱ्यांनी स्वतः ही परीक्षा देऊन बघावी. समजा, काही वर्षांपूर्वी तुमची नोकरी गेली आणि बेकारभत्ता सुरू झाला. माफी होती का? भत्ता उत्पन्न कमी म्हणून मिळत असेल तर होती, आधी भरलेल्या विम्याच्या जोरावर मिळत असेल तर नव्हती. दोन्हींचं नाव एकच, बँकेत येणारा आकडाही बहुधा एकच. अपंगत्वाचा भत्ता मिळतो, मग? त्या एकट्यावर माफी नाही. घरभाड्याला मदत मिळते? त्यावरही नाही. युनिव्हर्सल क्रेडिट (जुन्या भत्त्यांच्या जागी आलेला एकत्रित भत्ता) मिळतं? त्यावर आहे, पण मागच्या हिशेबी महिन्यात तुमची हातात आलेली कमाई ४३५ पौंडांपर्यंत असली तरच. पदरात मूल असेल किंवा आजारपणामुळे कामाची क्षमता कमी असल्याचं मान्य झालं असेल तर ही मर्यादा ९३५. आणि दर चार आठवड्यांनी पगार होणाऱ्यांच्या एका हिशेबी महिन्यात वर्षातून एकदा दोन पगार पडतात. त्या महिन्यात तोच माणूस, तीच नोकरी, तेच दुखणं, पण माफी गायब. युनिव्हर्सल क्रेडिट २०१३ मध्ये आलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्या हिरव्या कागदावर त्याची चौकटच नव्हती. लोकांना सांगितलं जायचं, बेकारभत्त्याच्या चौकटीत खूण करा. ज्या कागदावर खरं लिहायला जागा नाही, त्याच कागदावर खोटं लिहिल्याचा आरोप!

आजारांचंही तेच. मधुमेहाला माफी आहे, पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर. नुसत्या पथ्यावर असाल तर नाही. शिवाय मधुमेह असून भागत नाही, माफीचं प्रमाणपत्र लागतं. ते पाच वर्षांनी संपतं. मधुमेह संपत नाही. पत्ता बदललेला असेल तर नूतनीकरणाची आठवण जुन्या घरी जाते आणि दंडाची नोटीस, योगायोग बघा, नव्या घरी पोहोचते.

राहिली आमच्या मंडळातली सून. गरोदर बाईला माफी आहे हे तिला ठाऊक होतं, इथे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तिने गरोदरपणाच्या चौकटीत खूण केली, सही केली. तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच की माफी गरोदरपणाला नसून गरोदरपणाच्या प्रमाणपत्राला आहे. तो अर्ज सुईणीने किंवा डॉक्टरने पुढे पाठवायचा असतो आणि तिच्या बाबतीत तो कुठेतरी राहून गेला होता. काउंटरपलीकडच्या माणसाला तिचं पोट दिसत होतं. न्यूकॅसलच्या संगणकाला प्रमाणपत्र दिसत नव्हतं. दंड शेवटी मागे घेतला गेला, पण त्याआधीचे फोन, पत्रं, आणि ‘माझ्यावर खटला होईल का, त्याने माझ्या व्हिसाला धक्का लागेल का’ या विचाराने जागून काढलेल्या रात्री तिच्या हिशेबात कुणी धरल्या नाहीत. आपल्या परक्या देशात राहणाऱ्या लोकांसाठी सरकारी लिफाफ्यातला ‘दंड’ हा शब्द नुसता पैशाचा नसतो.

ही एकट्यादुकट्याची कहाणी असती तर मी पेन उचललं नसतं. इथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे आपल्या कॅगसारख्या संस्थेने, मे २०१९ मध्ये या दंडांची तपासणी केली. २०१४ पासूनच्या काळात औषधं आणि दातांचे उपचार मिळून सुमारे ५६ लाख नोटिसा निघाल्या होत्या, एकूण रक्कम ६७.६ कोटी पौंड. प्रत्यक्ष वसुली १३.३ कोटी. आणि साधारण १७ लाख नोटिसा, म्हणजे दर दहांतल्या तीन, नंतर मागे घ्याव्या लागल्या, कारण लोकांनी हरकत घेतल्यावर त्यांना खरोखरच माफी असल्याचं निघालं. माझ्या धंद्यात एखाद्याने पाठवलेल्या बिलांपैकी तीस टक्के बिलं चुकीची निघाली तर त्याला दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं करावं लागेल. आणि हे तीस टक्के फक्त हरकत घेणारे. जे घाबरले, ज्यांना इंग्रजी पत्राचा अर्थ नीट लागला नाही, ज्यांना डिमेन्शिया होता, ज्यांनी ‘कटकट नको’ म्हणून मुकाट्याने भरून टाकलं, त्यांच्यातले किती निर्दोष होते हे कोणत्या तक्त्यात शोधायचं?

समोरच्या बाजूचे मुद्दे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. त्यातला सर्वांत वजनदार पैशाचा. औषधशुल्कातून इंग्लंडला वर्षाला साठ कोटी पौंडांहून जास्त मिळतात. चुकीच्या माफीतून जाणारा पैसा हा शेवटी एखाद्या नर्सच्या पगाराचा, एखाद्या स्कॅनिंग यंत्राचा असतो. दुसरा मुद्दा प्रामाणिक माणसाचा. जो पदराला खार लावून ९.९० भरतो, त्याच्या शेजारी उभा राहून दुसरा बिनदिक्कत खूण करून निघून गेला आणि त्याचं काहीच बिघडलं नाही, तर पहिल्याचा विश्वास किती दिवस टिकेल? तिसरा मुद्दा सहीचा. सज्ञान माणसाने सही केली की जबाबदारी त्याची, नाहीतर कुठलाच करार उभा राहणार नाही. चौथा मुद्दा असा की ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी पासाची सोय आहे. वर्षाला ११४.५० पौंड, हप्त्यांनी, मग हवी तेवढी औषधं. मी स्वतः रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तो पास काढतो. रक्तदाब माफीच्या यादीत नाही.

पंगतीत एकाने मुंबईच्या लोकलचा दाखला दिला आणि टाळ्या घेतल्या. टीसीने पकडलं की ‘मला माहीत नव्हतं’ चालतं का? नाही चालत, आणि चालूही नये. पण का चालत नाही? कारण तिकीट काढलंय की नाही, हे माणसाला पक्कं ठाऊक असतं. खिशात हात घातला की उत्तर मिळतं. आता समजा, रेल्वेने ठरवलं की ज्यांचा मागच्या महिन्याचा पगार अमुक रकमेच्या आत आहे त्यांना प्रवास फुकट, पण भत्ता ‘क’ प्रकारचा असेल तर नाही, आणि त्याच नावाचा ‘ख’ प्रकारचा असेल तर आहे. कोणाला फुकट आहे याची यादी टीसीच्या साहेबाकडे आहे. तुम्ही मात्र अंदाजाने डब्यात चढायचं आणि साहेब तीन महिन्यांनी घरी पत्र पाठवणार. अशा रेल्वेत बिनतिकीट प्रवासी कोण आणि फसलेला प्रवासी कोण, हे परळच्या पुलावर उभं राहून कुणी सांगू शकेल का? सहीचंही तसंच. सही माणसाला बांधते ती त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपुरती. ‘माझं नाव अमुक’ यावर मी सही करतो. ‘माझी मागच्या हिशेबी काळातली कमाई नियमात बसते’ यावर केलेली सही म्हणजे सरकारी नियमावलीबद्दलचा माझा अंदाज असतो, आणि त्या खिडकीशी उभा असतो तेव्हा मला बहुधा तापही असतो.

दंड असला की जरब बसते, हा युक्तिवाद मला आणखीच पोकळ वाटतो. जरब बसते ती आपण लबाडी करतोय हे ज्याला कळतंय त्याला. गोंधळलेल्या माणसाला जरब बसत नाही, तो फक्त घाबरतो आणि पुढच्या वेळी हक्क असूनही पैसे भरतो किंवा औषधच नेत नाही. ज्याच्यासाठी जरब हवी त्या सराईताला काय झालं? २०१९ मध्येच संसदेच्या लोकलेखा समितीपुढे आलेल्या माहितीनुसार पाच किंवा त्याहून जास्त नोटिसा मिळालेले लोक लाखाच्या वर होते. त्यांच्यावरचे फौजदारी खटले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाच पत्रं कचऱ्यात टाकणारा मोकळा आणि पहिलं पत्र बघून रडणारी बाई दंड भरून मोकळी. पंगतीतल्या ज्या गृहस्थांनी ‘फुकटे’ हा शब्द तीनदा वापरला, त्यांनी आधी या हिशेबाबद्दल चिडायला हवं होतं.

अपात्र माणसाला चार दाणे मिळतील या भीतीने पात्र माणसाची उपासमार करणं, हा या देशाच्या कारभाराचा जुना आजार आहे आणि त्याची चव आपल्या आजोबांच्या आजोबांनी घेतलेली आहे. १८३४ च्या इंग्लिश गरीब-कायद्याने ठरवलं की मदत मागणाऱ्याला वर्कहाउसमध्ये कोंडायचं आणि आतली स्थिती बाहेरच्या सर्वांत हलाखीच्या मजुराहून वाईट ठेवायची. म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल. हीच मोजपट्टी बोटीतून हिंदुस्थानात आली. सर रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली, आणि फार खर्च केला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. धडा शिकलेले टेंपल १८७७ मध्ये मद्रास-मुंबईच्या दुष्काळावर आले ते काटकसरीची शपथ घेऊनच. दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोहून कमी, आणि वर किरकोळ पैसे. धडधाकट माणसाला घराजवळ काम द्यायचं नाही, मैलोगणती लांब पाठवायचं, म्हणजे खोटे गरजू आपोआप गळतील. गळले ते खरे गरजू. मुंबई इलाख्यात लोक ती मजुरी नाकारून कामं सोडून निघाले, आणि सार्वजनिक काकांच्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. शंभर पौंडांचा दंड म्हणजे दुष्काळ असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण कारभाऱ्याच्या मनातली मोजपट्टी तीच आहे. त्याला रात्री झोप लागत नाही ती एखादा नालायक माणूस आत घुसल्यामुळे. एखादा लायक माणूस बाहेर राहिल्याची त्याला खबरही नसते, कारण त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

आणि ‘लायक’ ठरवलं कुणी? इथे वादाची खरी मेख आहे आणि दंडाच्या गदारोळात ती कुणी उचलतच नाही. एनएचएस १९४८ मध्ये सुरू झाली तेव्हा औषधं फुकट होती. पैसे घेण्याची कायदेशीर मुभा मजूर पक्षाच्याच सरकारने १९४९ मध्ये करून ठेवली. १९५१ मध्ये दातांच्या कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क आलं तेव्हा एनएचएसचा जनक अन्यूरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडला, त्याच्याबरोबर हॅरल्ड विल्सनही. १९५२ मध्ये चर्चिलच्या सरकारने औषधाच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग लावला. पुढे पंतप्रधान झालेल्या त्याच विल्सनने १९६५ मध्ये तो रद्द केला आणि तीन वर्षांनी पैशाची चणचण भासल्यावर परत आणला. परत आणताना लाज राखायला म्हणून माफीची यादी केली. १९६८ ची ती आजारांची यादी आजही चालू आहे. तिच्यात इतक्या वर्षांत २००९ मध्ये कर्करोगाची भर पडली, बाकी जवळपास तीच. थायरॉइड कमी असणाऱ्याला माफी आहे, आणि त्याला सगळीच औषधं फुकट, पायाला लागलं त्याचंसुद्धा. दम्याला नाही. संधिवाताला नाही. पार्किन्सन्सला नाही. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं निकामी करणाऱ्या जन्मजात आजाराला नाही, कारण १९६८ मध्ये ती मुलं मोठी होईपर्यंत जगतच नसत, मग त्यांच्या औषधाचे पैसे कोण भरणार हा प्रश्नच नव्हता. आता ती जगतात, मोठी होतात, नोकऱ्या करतात आणि यादीने आपल्या मरणाचा हिशेब धरलेला होता हे केमिस्टच्या काउंटरवर शिकतात. २०१० मध्ये सर इयन गिलमोर या डॉक्टरांच्या अहवालाने सगळ्याच दीर्घकालीन आजारांना माफी देण्याची वाट दाखवली होती. सरकार बदललं आणि ती वाट तिथेच राहिली. ज्या यादीचं समर्थन आज एकही मंत्री तिच्या गुणांवर करू शकत नाही, त्या यादीत आपलं नाव आहे असं समजलेल्या माणसाला खोटारडा म्हणायचं?

मग सावकारवाले बरोबर का? त्यांचा उपाय सोपा आहे, शुल्कच काढून टाका. स्कॉटलंड-वेल्सने केलं, तिथे आभाळ कोसळलं नाही, आणि न्यूकॅसलसारखी पत्रं पाठवणारी यंत्रणाही तिथे औषधांसाठी लागत नाही. माझं मनही तिकडे ओढ घेतं. पण हिशेबनीसाला विल्सनची तीन वर्षं विसरता येत नाहीत. साठ कोटींचं भगदाड कशाने बुजवायचं हे न सांगता शुल्क रद्द करणारे सरकार दुसऱ्या वर्षी तेच शुल्क नव्या नावाने आणतं. शिवाय ‘शुल्कच अन्यायाचं, म्हणून चुकवणाऱ्याचं काय चुकलं’ असं म्हणण्यात गोंधळलेल्या बाईचं काहीच भलं नाही. तिला लबाडांच्या रांगेत उभं करून सगळ्यांना एकदम माफ करा असं म्हटलं, तर ‘तू लबाड नाहीसच’ हे वाक्य तिच्या वाट्याला येतच नाही. तिला तेच ऐकायचं होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात काही ओळखीचं दिसेल. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा अर्ज भरून घेण्याची घाई होती, निवडणूक तोंडावर होती, हमीपत्रावर सही पुरत होती. २०२५ मध्ये छाननी सुरू झाली आणि २६ लाखांहून जास्त लाभार्थ्यांचे पैसे थांबले. त्यात सरकारी नोकर निघाल्या, चक्क पुरुष निघाले. त्यांच्याकडून वसुली करा, माझी हरकत नाही. सरकारी नोकराला आपण सरकारी नोकर आहोत हे ठाऊक असतं आणि पुरुषाला आपण बहीण नाही हेही. पण त्याच २६ लाखांत अशीही बाई असणार जिला कुटुंब म्हणजे कोण, दुसऱ्या योजनेचे पैसे चालतात की नाही, हे गावातल्या कुणी ‘भर गं, काही होत नाही’ म्हणून सांगितलं होतं. दोघींना ‘अपात्र’ हा एकच शिक्का. ज्या सरकारकडे आपल्या नोकरांच्या पगाराची यादी पहिल्या दिवसापासून होती, त्याने ती वर्षभराने उघडली, याचा दंड कुणी भरायचा?

इंग्लंडला हे आता थोडं उमगलंय असं दिसतं. दंडाआधी चौकशीचं पत्र पाठवून खुलाशाची संधी दिली जाते. आणि २०१९ पासून अशी सोय हळूहळू पसरते आहे की औषध देतानाच केमिस्टच्या संगणकावर माफीची नोंद उमटते. नोंद उमटली की रुग्णाने ना खूण करायची, ना सही. म्हणजे हे शक्य होतंच. दप्तर उघडायला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं. आता पुढचं पाऊल टाकायला हरकत कसली? दुकानात नोंद उमटली नाही तर केमिस्टने तिथेच सांगावं, तुमचं नाव दिसत नाही, पैसे भरा आणि पावती ठेवा, हक्क निघाला तर परत मिळतील. परताव्याची पावती आजही असते, फक्त ती मागायची असते हे कुणी सांगत नाही. हे ऐकूनही जो खूण करून जाईल, त्याचा दंड पाचपट काय, दहापट करा. तोवर पहिल्या चुकीला फक्त औषधाचे पैसे घ्या. पाच पत्रं कचऱ्यात टाकणाऱ्याला कोर्टात उभं करा, तिथे मी टाळ्या वाजवायला येईन. आणि १९६८ ची यादी फाडून नवी करा, यासाठी तर दमडीचाही संगणक लागत नाही.

यात माझा स्वार्थ नाही असं म्हणता येणार नाही, उलट स्वार्थ दुसरीकडेच आहे. येत्या मार्चमध्ये मला साठ पूर्ण होतील. पगार बरा आहे, घराचं कर्ज फिटलंय, मुलं मार्गाला लागली आहेत. निवृत्तीचं वय इथे २०२० मध्येच ६६ झालं तरी औषधांची माफी साठीलाच आहे, आणि ती ६६ वर न्यायचा सरकारचा विचार २०२३ मध्ये बारगळला. तेव्हा मार्चपासून माझे पासाचे ११४.५० पौंड वाचणार. चिठ्ठीवर जन्मतारीख छापलेली असते, त्यामुळे मला कुणी काही विचारणारही नाही. मागच्या आठवड्यात गोळ्या घ्यायला गेलो तर माझ्या पुढे पंचविशीची एक मुलगी उभी होती, सुपरमार्केटचा गणवेश अंगात. दम्याचे दोन पंप आणि एक अँटिबायोटिक. तिने पैसे मोजले, थोडी थांबली आणि केमिस्टला हळूच विचारलं, यातलं एक राहिलं तर चालेल का, आणि चालणार असेल तर कुठलं.